कानसेनांची लाल चिठ्ठी

कानसेनांना चहाला बोलावणं म्हणजे आपल्या हातानं आपल्या घराचा पंचनामा करून घेणं. माणूस गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण कान भारी वाईट. कपाला ओठ लावायच्या आधीच म्हणणार, "पंख्याचं बेअरिंग गेलंय तुमच्या." दुसऱ्या घोटाला, "फ्रीज महिनाभर काढेल, फार तर." बायको टेबलाखालून पाय दाबायची, तर हे सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारणार, "अगं, पाय का दाबतेस?" आणि गंमत अशी, की तो फ्रीज खरंच महिन्याच्या आत मान टाकायचा. त्यामुळं लोक त्यांना हुशार म्हणायचे सोडून पांढऱ्या पायाचे म्हणायला लागले होते.

गाणं येत नाही पण ऐकण्यात पक्का, अशा माणसाला आपण कानसेन म्हणतो. ह्यांना तर गाणं ऐकायचीही फारशी हौस नव्हती. ह्यांना खरखर आवडायची. तीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं, रेडिओ पाठीमागून उघडायच्या आधी कान लावून निदान सांगायचं, आणि ते चुकलं तर दिवसभर जेवण गोड लागायचं नाही. पुढं लोकांच्या घरातून रेडिओच गेले. दुकानाचं शटर खाली आलं. सहा महिने हे गृहस्थ घरात बसून नळाच्या वॉशरवर मतं देत होते आणि बायकोनं हात जोडले होते.

अशात एक बाई त्यांना शोधत आली. तिच्या वडिलांचा रेडिओ ह्यांनी कधीकाळी तीनदा जिवंत केला होता. तिचा आता हेडसेटचा छोटा कारखाना होता. हेडसेट म्हणजे साधे कानात घालायचे नव्हेत. गेम खेळणारी मंडळी घालतात ते, दोन्ही कान झाकणारे, डोक्यावरून पट्टा, तोंडासमोर माइकची दांडी. "तुम्ही फक्त घालायचं आणि ऐकायचं," बाई म्हणाली. "बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल." ऐकायचा पगार मिळतो हे कानसेनांच्या बायकोला पटायला पहिला पगार हातात यावा लागला.

कारखाना होता फर्निचरच्या गोदामावर, दुसऱ्या मजल्यावर. एका टोकाला डाग द्यायची, म्हणजे तारांच्या सोल्डरिंगची टेबलं, दुसऱ्या टोकाला खोकी भरणाऱ्या पॅकिंगच्या बायका, आणि मधे भिंतींना गालिचे ठोकलेली एक खोली. तिला ऐकायची खोली म्हणत. तिथं खुर्ची, पडदा, गेमचं यंत्र आणि बिस्किटांचा डबा. बिस्किटं चैनीची नव्हेत हं. जबडा हलला की कानावरची वाटी सरकते का, हे बघायला ती लागायची. कानसेन हे काम फार मन लावून करायचे. डबा दर आठवड्याला भरावा लागे.

आणि गेम? देवा रे देवा! साठीचा हा माणूस पडद्यावर हातात बंदूक घेऊन एका पडक्या गोदामाच्या कोपऱ्यात नुसता उभा राहायचा. का, तर शत्रूची पावलं कुठून येतात ते ऐकायला. सोबत खेळणारी, कुठकुठल्या गावांतली पोरं हेडसेटमधून ओरडायची, "कानसेन, गोळी घाल ना!" हे शांतपणे म्हणायचे, "थांबा हो जरा. तो जिना लाकडी आहे का लोखंडी, ते ऐकतोय." तेवढ्यात खेळ खलास. दिवसाकाठी चाळीस वेळा मरून कानसेन संध्याकाळी साडेसहाच्या ठोक्याला घरी हजर असत.

त्यांच्या चिठ्ठ्या मात्र अख्खा कारखाना वाचायचा. जुन्या हेडसेटबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "पहिल्या तासाला काही कळत नाही. दुसऱ्या तासाला कळतं. तिसऱ्या तासाला दुसरं काही कळत नाही." कुणी मनावर घेतलं नाही. माल बाजारात गेला आणि तीन महिन्यांत गिऱ्हाइकांची तीच तक्रार आली, कान आवळतात, डोकं चढतं. तेव्हा मालकीणबाईंनी ठरवलं की हेडसेट नव्यानं बांधायचा. वजन कमी, पट्टा सैल, रेक्झीनच्या जागी मखमली कापडाच्या गाद्या, आणि वायर नाहीच, सगळं बिनतारी. वर्षभर खपून तो तयार झाला. शनिवारी पहिली खेप निघायची होती.

सोमवारी मालकीणबाईंनी आणखी एक वस्तू आणली. रबराचं एक डोकं. ना नाक, ना डोळे, फक्त दोन कान आणि कानांत दोन माइक. त्याला हेडसेट घातला की दोन्ही बाजूंचा आवाज मोजून आकडे पडद्यावर. पॅकिंगच्या बायकांनी बघताक्षणी त्याचं नाव ठोंब्या ठेवलं.

"काका, राग मानू नका," मालकीणबाई म्हणाल्या. "हा माल दोघांनी ऐकायचा. तुम्ही आणि यंत्रानं. दोघांचं जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर चूक कुणाची ते बघू, आणि ज्याची चूक त्यानं ऐकायच्या खोलीतून उठायचं."

ठोंब्याला उठायला पाय नव्हते. म्हणजे हे बोलणं कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. कानसेनांना तर सगळ्यांत आधी कळलं. शटर खाली आल्यावरचे ते सहा महिने माणूस विसरत नाही. ती खोली गेली तर आपण पुन्हा नळाच्या वॉशरवर येणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

मंगळवारी ते कंबर कसूनच आले. हेडसेट घातला, चष्मा सारखा केला, बिस्किट तोंडात टाकलं आणि खोड काढायला बसले. अर्धा तास झाला, तास झाला. कान आवळेना. मान हलवली, पट्टा सरकेना. गादी अशी मऊ की कानाला आपण कुणाच्या ताब्यात आहोत हेच कळू नये. कानसेन बेचैन झाले. खोडच सापडेना तर तपासनीस कशाला हवा? शेवटी बसण्याची तपासणी, म्हणजे हेडसेट डोक्यावर कसा बसतो ते बघणं, दीड तासातच गुंडाळून ते गेममध्ये शिरले, कोपऱ्यात उभे राहिले, आणि ऐकायला लागले.

डावीकडून पावलं आली. टप, टप, टप. स्वच्छ. बुटाखालची वाळूसुद्धा ऐकू येत होती. मग उजवीकडून आली. ती मात्र अशी आली, जणू शत्रू पायात मोजे घालून आला होता.

"सापडलं!" कानसेन ओरडले आणि त्याच आनंदात मेले.

लाल चिठ्ठी गेली: "उजवी बाजू मंद. बारीक आवाज खाते." ठोंब्याला तोच पीस घातला. ठोंब्या म्हणाला दोन्ही बाजू सारख्या. कानसेनांनी दुसरा पीस मागवला. उजवी मंद. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सगळ्यांची उजवी मंद. सहा लाल चिठ्ठ्या एका ओळीत टेबलावर पडल्या आणि पॅकिंगच्या बायका खोकी उघडी टाकून हातावर हात ठेवून बसल्या.

हे सगळं ज्या पोरीच्या डोक्यावर आलं, ती कारखान्याची इंजिनीअर. वर्षभर ह्या हेडसेटमागं ती जेवणखाण विसरली होती. तीन वर्षांपूर्वी कॉलेजातून नवी नवी आली तेव्हा डाग कसा द्यायचा, बिघाड कसा हुडकायचा, हे तिला कानसेनांनीच शिकवलं होतं. तिनं सहाही पीस उघडले. बुधवारभर तारा तपासल्या. चौथ्या पिसाचा तर उजवा स्पीकरच बदलला. पुन्हा ठोंब्याला घातला, सारखे. पुन्हा काकांना दिला, उजवी मंद.

गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "काका, एकदा उलटा घालून बघाल का? डावी वाटी उजव्या कानावर?"

झालं! कानसेनांचा पारा असा चढला की चष्म्यावर वाफ आली. "तू मला शिकवणार? ही युक्ती तुला सांगितली कुणी? बिघाड हेडसेटमध्ये असेल तर वाटीबरोबर बाजू बदलतो, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," पोरगी म्हणाली.

"मग?" कानसेन गरजले. ह्या "मग"ला काही अर्थ नव्हता. ती टेबलाकडं गेली.

एवढा संताप कशाचा? खरं सांगायचं तर सहाव्या पिसालाच कानसेनांच्या मनात पाल चुकचुकली होती. सहाच्या सहा पिसांत एकाच बाजूला एकच दोष? तीस वर्षं दुकान चालवून असं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण उलटा घालायला हात धजत नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन गच्चीवर गेले. कानसेनांनी ऐकायच्या खोलीचं दार लावून घेतलं, आतून कडी घातली, आणि हेडसेट उलटा डोक्यावर चढवला. माइकची दांडी भलत्याच बाजूनं तोंडासमोर आली. त्यांनी तपासणीची टिकटिक सुरू केली, दोन्ही वाट्यांतून अगदी सारखी येणारी. आता उजव्या कानावर डावी वाटी होती, तीच स्वच्छ, वाळू ऐकवणारी वाटी.

उजवीकडची टिकटिक मंदच होती.

त्यांनी हेडसेट काढला, पुसला, पुन्हा घातला. मंदच. मग त्यांची नजर टेबलावरच्या जुन्या पेटीवर गेली. जुने वायरवाले हेडसेट ह्या पेटीला जोडून ऐकायचे, आणि पेटीवर डाव्या-उजव्याचा तोल सांभाळायचं एक बटण होतं. ते मधोमध असायला हवं. ते चांगलं चार खुणा उजवीकडं सरकलेलं होतं. त्या पेटीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे. म्हणजे कधीतरी उजवं जरा कमी वाटलं म्हणून ह्यांनीच एक खूण सरकवली, काही महिन्यांनी आणखी एक, मग आणखी एक. हाताला कळलं होतं, धन्याला नाही. नवा हेडसेट बिनतारी निघाला, पेटीची गरज संपली, आणि झाकली मूठ उघडी पडली.

कानसेन खुर्चीत बसले आणि त्यांना रडू आलं. उगाच सभ्यपणानं डोळे पाणावले वगैरे नाही, चांगलं हुंदका येऊन रडू आलं. तीस-पस्तीस वर्षं ज्याच्या जिवावर मान ताठ ठेवली, तोच अवयव नापास!

आता माणसाचं मन किती चलाख असतं बघा. डोळे पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं, की हे कुणालाच माहीत नाही. दार बंद आहे. चौथ्या पिसाचा स्पीकर पोरीनं बदललाय. "आता बरोबर झालं" म्हणायचं, हिरवी चिठ्ठी द्यायची, बाकी पाचांचेही स्पीकर बदलायला सांगायचे. साप मरेल, काठीही मोडणार नाही. खोली राहील, खुर्ची राहील, बिस्किटांचा डबाही राहील. त्यांनी हिरवी चिठ्ठी ओढली आणि लिहिली सुद्धा: "पीस चार, स्पीकर बदलल्यावर ठीक." चिठ्ठी घेऊन ते बाहेर आले.

पोरगी जेवायला गेलीच नव्हती. टेबलाशी बसून दोषांच्या वहीत काहीतरी लिहीत होती. कानसेनांनी वरून वाचलं: "उजव्या बाजूचं काम कच्चं. सहाही पीस माझ्या हातचे. चूक माझी."

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"दुसरं काय लिहू काका? यंत्राला सापडत नाही, मला सापडत नाही. पण तुम्हाला ऐकू येतंय म्हणजे असणारच काहीतरी." तिनं वर पाहिलं. डोळे जागरणानं लाल झाले होते. "तुम्ही आणि यंत्र यांत मी तुम्हालाच मानणार ना?"

कानसेनांनी हातातली चिठ्ठी चुरगाळली. पोरीनं शिवी दिली असती तरी इतकी लागली नसती.

"मालकीणबाईंना बोलाव," ते म्हणाले. "आणि ते पान फाड आधी."

गच्चीवरून सगळेच खाली आले. पॅकिंगच्या बायका हातात डबे तसेच धरून उभ्या. कानसेनांनी सहाही लाल चिठ्ठ्या उचलल्या आणि एकेक करून फाडल्या. "सहाही पीस पास. पोरीचं काम चोख आहे. बिघाड इथं आहे," असं म्हणून त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "उलटा घालून पाहिलं. बाजू बदलली नाही."

पॅकिंगमधली सगळ्यांत थोरली बाई तेवढी "अगंबाई" म्हणाली.

"म्हणजे ठोंब्या बरोबर?" मालकीणबाईंनी विचारलं.

"ठोंब्या बरोबर." कानसेन खोलीत गेले आणि चष्म्याचं फडकं, पाण्याची बाटली गोळा करू लागले. बिस्किटांच्या डब्याकडं त्यांनी एकदा पाहिलं. तो कारखान्याचा होता, तिथंच ठेवला.

"कुठं निघालात?"

"ठरलं होतं ना. ज्याची चूक त्यानं उठायचं."

मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनाही बोलणं जड जात होतं. "आवाज उद्यापासून ही पोरगी ऐकेल, ठोंब्याच्या सोबतीनं. ते ठरलं ते ठरलं. पण बसण्याच्या तपासणीची चिठ्ठी कुठं आहे काका? मंगळवारी तुम्ही दीड तासात उठलात. चार तास घालायचा असतो. ठोंब्याला चष्मा नाही, घाम नाही, आणि आवळलं तर ओरडायची अक्कल नाही. ते डोकं कुणाचं आणू?"

मग त्या दुपारी कानसेन आवाज बंद केलेला हेडसेट घालून चार तास ऐकायच्या खोलीत बसले. ऐकायला काही नाही, नुसतं डोकं द्यायचं. दाराच्या फटीतून पॅकिंगच्या बायका आळीपाळीनं डोकावून जात होत्या, आणि आतला माणूस तोंड पाडून बिस्किटं खात होता. पहिला तास त्यांना वाटलं, ह्यापेक्षा नळाचा वॉशर बरा. तिसऱ्या तासाला मात्र ते ताठ बसले. चिठ्ठी लाल गेली: "चष्म्याची दांडी कानामागं रुतते. मखमल वरून मऊ, आतून हट्टी. गादीला त्या जागी बोटभर खाच हवी. पट्ट्याला बोट ठेवायला जागा नाही, शाबास." शुक्रवारी पोरीनं चष्मा घालून स्वतः बसून पाहिलं आणि तिसऱ्या तासाला तीही "आई गं" म्हणाली. खेप शनिवारची सोमवारवर गेली. कुणी कुरकुर केली नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी कानसेन घरी आले, बूट काढले आणि सोफ्यावर बसले. बायको समोर पालेभाजी निवडत होती. त्यांनी सगळं सांगून टाकलं. सहा चिठ्ठ्या, बटण, हुंदका, सगळं. बायको भाजी निवडतच राहिली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कोण म्हणालं? पोरीनं फोन केला?"

"फोन कशाला? दोन वर्षं झाली. उजवा कान गेलाय तुमचा."

कानसेन उठून उभेच राहिले. "दोन वर्षं! आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. दोनदा."

"मग?"

"उजवीकडून सांगितलं बहुतेक."

कानसेनांना रागवावं का हसावं कळेना. ते परत बसले. अख्ख्या जगाच्या फ्रीजचं भविष्य सांगणाऱ्या माणसाच्या घरात ही बातमी दोन वर्षं बसून होती. "मग आपलं चाललं कसं इतके दिवस?" त्यांनी विचारलं.

"सोपं आहे." बायकोनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "तुम्हाला ऐकवायचं असतं तेव्हा मी डावीकडून येते. मला बोलायचं असतं तेव्हा उजवीकडून."

कानसेन मनात हिशेब करू लागले. दोन वर्षं. म्हणजे स्वयंपाकघरात पाणी चालू असताना, पंखा घरघरत असताना, हे त्याच पंख्याच्या बेअरिंगचा विचार करत असताना ही शेजारी बसून काय काय बोलली असेल?

"चांगलं बोलायचीस का वाईट?"

"दोन्ही."

"माझ्याबद्दल?"

"मग काय शेजाऱ्यांबद्दल?"

"थोडं सांग ना त्यातलं," ते म्हणाले. आवाज जरा चोरटा आला.

"नाही सांगणार." बायको हसली. "तोंडावर बोलता आलं असतं तर तेव्हाच बोलले नसते का?"

कानसेनांनी चष्मा काढून ठेवला. सोफ्यावर सरकून तिला जागा केली, उजव्या बाजूला. मग डावा तळहात डाव्या कानावर घट्ट दाबून धरला, आणि मान खाली घालून उजवा कान तिच्याकडं केला.

"बोल," ते म्हणाले.

भाजीची परात खाली ठेवून ती शेजारी येऊन बसली आणि बोलू लागली. बराच वेळ बोलली. त्यांना एक अक्षर कळलं नाही, आणि त्यांनी हात काढला नाही.